तुळशीपाशी भावोजी

आमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या आवारामध्ये चिऱ्याचा गडगा आहे. बांधला तेव्हा छातीएवढा होता म्हणतात, आता कमरेला लागतो. पावसानं झिजला असं भावोजींचं मत. माझं मत, चाळीस वर्षं दोन्हीकडच्या बायकांची कोपरं टेकून टेकून तो झिजलाय.

पितृपक्ष चालू होता. पाऊस उघडून दोन दिवस झालेले, चिऱ्यांवरचं शेवाळ अजून ओलं. मी कढीलिंबाच्या डहाळ्या तोडत होते. पलीकडे वहिनी मांडवाखाली पडवळांना बांधलेले दगड एकेक चाचपून बघत होत्या. दगड आहेत तिथेच होते. पण वहिनी ते चाचपू लागल्या की समजावं, बाईला काहीतरी बोलायचंय. त्यांच्यामागे भावोजी तुळशीपाशी निरांजन लावायच्या खटपटीत होते. वारा येतो त्याच बाजूला ते ठेवत होते आणि ते विझत होतं.

"आज बाविसावा दिवस," वहिनी म्हणाल्या.

"कशाचा?"

त्यांनी घराकडे मान वळवली, आवाज उतरवला. "सूनबाईचा. डाग लागतात अजून."

वहिनींच्या सूनबाईला आठ महिन्यांचं बाळ आहे. दुसरं तीन-चार वर्षं नको, असं नवराबायकोनं ठरवलं. तांबीची तिला भीती, रोजची गोळी लक्षात राहायची नाही. म्हणून आशाताईबरोबर आरोग्य केंद्रात जाऊन तिनं अंतराचं इंजेक्शन घेतलं. सासूला न सांगता. सासूला कळलं ते या डागांमुळे. तेव्हा वहिनींच्या तक्रारी दोन होत्या, एक डागांची आणि एक न सांगितल्याची. त्यांतली मोठी कुठली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"चार दिवस बाजूला बसते ते ठीक आहे गो. बावीस दिवस कशी बसवू? लहान बाळ. आणि पुढल्या आठवड्यात घट बसणार. आमच्याकडे अखंड दिवा असतो, तुला ठाऊक आहे."

एवढ्यात नर्समावशी आल्या. त्यांना पातोळ्यांसाठी हळदीची पानं हवी होती. मावशी तेहेतीस वर्षं उपकेंद्रात होत्या, या खोऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या हातावर पडलेली. हळू बोलणं त्यांना येतच नाही. वहिनींनी कुजबुजत सांगितलेलं सगळं त्यांनी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात परत विचारून घेतलं.

"केवढे डाग? लाल की तपकिरी?"

"तपकिरी. थेंब थेंब."

"ओटीपोटात दुखतं? ताप? घाण वास?"

"नाही."

"इंजेक्शनाआधी दिवस गेलेले नाहीत ना, हे बघितलं होतं?"

"कार्डावर लिहिलंय म्हणते."

"मग तू पडवळं तोड आणि घरी जा. यात नवल काही नाही. अंतरा म्हणजे दीडशे मिलिग्रॅमचं औषध, तीन महिने पुरतं. पहिले तीन-सहा महिने असं थोडंथोडं जातच राहतं, केव्हाही. मग कमी होत जातं. वर्षभर घेतलं तर साधारण निम्म्या बायकांची पाळीच बंद होते."

"बंद?" वहिनींनी पडवळ सोडून दिलं. "मग ते सगळं जातं कुठं? आत साचणार ना! डोक्यात जातं म्हणतात."

मला ही भीती ओळखीची आहे. माझ्या आईला होती, तिच्या आईला होती. दर महिन्याला घाण बाहेर पडली पाहिजे, नाहीतर ती अंगात चढते, डोळे अधू होतात, पोट सुटतं. पाळी आली म्हणजे कटकट आणि नाही आली म्हणजे घोर, या दोन्हींच्या मधली जागा आपल्याकडे बायकांना कोणी दाखवलेलीच नाही.

मावशी गडग्यावर बसल्या. "तुझ्या सासूबाई अंगण सारवायच्या ना? तसंच आहे. पोर यायचं म्हणून पिशवी दर महिन्याला आतून जाड सारवून ठेवते. पोर आलं नाही की सगळं सारवण खरवडून बाहेर. ती पाळी. हे औषध पिशवीला सांगतं, सारवू नको. थरच चढला नाही, तर खरवडणार काय नि साचणार काय?"

"मग हे डाग कसले?"

"पातळ सारवलेल्या अंगणाचे पोपडे निघतात की नाही? थर पातळ, त्यातल्या रक्तवाहिन्या नाजूक. आज इथला एक पोपडा, उद्या तिथला. रोग नाही तो."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांच्या डोळ्यांत एक वेगळाच हिशेब दिसू लागला. "मावशी, पोपडे म्हणता. म्हणजे ही पाळी नव्हे?"

"नव्हे."

"मग ती बाजूला बसायला नको?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. धर्मशास्त्र हे त्यांचं खातं नव्हतं. पण आलेली संधी सोडणारी बाई ती नव्हे. "मी तेहेतीस वर्षं कुणाला बाजूला बसवलं नाही. तुला शास्त्र हवं असेल तर घे. पाळी नव्हे."

इथे मला माझं वाचन पाजळायची लहर आली. मी म्हटलं, वहिनी, नुसती इंजेक्शनाची गोष्ट कशाला, माला-एन घेणारीची दर महिन्याची पाळीसुद्धा खरी पाळी नसते. एकवीस गोळ्या औषधाच्या, सात लोहाच्या. त्या सात दिवसांत औषध थांबतं, म्हणून पिशवीचा आधार सुटतो आणि थोडं जातं. अमेरिकेत पिंकस आणि रॉक या दोघांनी गोळी बसवली, तेव्हा त्यांना ही सुट्टी ठेवायची गरज होती अशातला भाग नव्हता. पण महिन्याच्या महिन्याला काही आलं नाही तर बाया घाबरतील, शिवाय गोळी निसर्गाच्या वळणाची दिसायला हवी, म्हणून ती ठेवली. रॉक स्वतः कॅथलिक होते, पोपना पटवायचं त्यांच्या मनात होतं. गोळीला परवानगी मिळाली १९६० मध्ये. पोपना काही पटलं नाही.

"आणि डागांचं म्हणाल तर," मी पुढे सरसावले, "ते तेव्हापासूनचे आहेत. १९५६ मध्ये पोर्तो रिको बेटावर बायांना या गोळ्या देऊन पाहिल्या. सुरुवातीच्या गोळ्यांत दुसऱ्या एका हार्मोनची भेसळ राहून गेली होती, चुकून. ती काढून गोळी शुद्ध केली, तर मधेच रक्त जायचं प्रमाण वाढलं! मग ती भेसळ मुद्दाम परत घातली. आजच्या माला-एनमध्ये दोन औषधं असतात, त्याचं मूळ त्या चुकीत आहे." त्या बायांना आपल्यावर प्रयोग चाललाय हे धड सांगितलेलंही नव्हतं. हे मात्र मी बोलले नाही. वहिनींना आधीच पुरेसं झालं होतं.

पण वहिनी पोर्तो रिकोत नव्हत्याच. त्या अजून माला-एनवर होत्या. "म्हणजे कोपऱ्यावरच्या काकू आठ वर्षं गोळी घेत होत्या, तेव्हा दर महिन्याला चार दिवस गोठ्याशेजारी बसायच्या, ते फुकट?"

"फुकट," मावशी म्हणाल्या. "निदान चार दिवस आराम तरी मिळाला बाईला."

काकूंचा विषय निघाला तो निघालाच. मग गोळ्यांच्या सुरस कथा झाल्या. मावशींच्या उपकेंद्रात एक बाई यायची, तिचा नवरा मुंबईला गिरणीत. ती गोळी कधी घ्यायची, तर नवरा गणपतीला आणि शिमग्याला गावी येईल तेवढेच दिवस. तो गाडीत बसला की पाकीट फडताळात. मग तिच्या अंगावरून मधेच जायचं, ती म्हणायची गोळी उष्ण पडते. "उष्ण कसली! रोजच्या रोज घ्यायची वस्तू ती. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यावी. दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढले सात दिवस निरोध वापरावा. आणि आज घेतली, उद्या नाही, असं केलं की पिशवीला कळत नाही सारवायचं की खरवडायचं." दुसरी एक बाई एकही गोळी चुकवत नव्हती तरी डाग लागत. मावशींनी तिला खोटारडी ठरवलं. मग कळलं, तिला क्षयाची औषधं चालू होती. त्यातलं रिफाम्पिसिन गोळीचा जोर खाऊन टाकतं. "त्या बाईची मी माफी मागितली नाही," मावशी अचानक म्हणाल्या. "मागायला हवी होती."

सूनबाई बाळाला कडेवर घेऊन पायरीवर येऊन उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. आमचं बोलणं तिच्याबद्दलच चाललंय हे समजायला फार हुशारी नको होती. मावशींचा आवाज.

"आजी," ती मावशींना म्हणाली, "दुसरा डोस पुढच्या महिन्यात आहे. घेऊ का नको?"

"डाग लागतील हे तुला सांगितलं नव्हतं का त्यांनी?"

"सांगितलं असेल. हा रडत होता. आणि मागे रांग होती."

मावशींनी हळदीचं पान हातात उलटसुलट केलं. अंतरा सरकारी दवाखान्यांतून मिळू लागली २०१७ पासून, म्हणजे मावशींच्या नोकरीच्या अगदी शेवटी. त्याआधी त्यांच्याकडे द्यायला होतं काय, तांबी, गोळी, निरोध आणि दोन मुलांनंतर ऑपरेशन. आणि हे इंजेक्शन येण्याआधी त्यावर भांडणंही पुष्कळ झाली होती. १९९३ मध्ये ते खाजगीत विकायला परवानगी मिळाली, त्याच्या आधीपासून स्त्री-संघटना म्हणत होत्या की एकदा टोचलं की परत काढता येत नाही, मग बाईला आधी सगळं नीट सांगणार कोण? रांगेत उभ्या असलेल्या सूनबाईकडे बघितलं तर तो प्रश्न तसाच आहे.

"मीसुद्धा दारातच सांगायची," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "टोचून झाल्यावर, जाता जाता. बाई डाग बघून घाबरली की दुसऱ्या डोसाला यायचीच नाही. आम्ही म्हणायचो, अडाणी बाया. आता ऐक. घ्यायचं की नाही ते तू ठरव, मी नाही आणि तुझी सासूही नाही. घेतलंस तर हळूहळू डाग कमी होतील, पाळी बंदही होईल, घाबरायचं नाही. फार कंटाळलीस तर डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात, त्यानं तात्पुरतं थांबतं. रक्त तपासून घे, अंगात कमी असेल तर लोहाच्या गोळ्या. नको वाटलं तर छाया गोळी आहे. त्यात हार्मोन नाही, अंगावर पाजणारीला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. लखनौच्या आपल्याच शास्त्रज्ञांनी काढलीय. तिच्यानंही पाळी थोडी पुढं जाते, हे आत्ताच सांगून ठेवते."

"आणि पुढं मूल?" हे वहिनी.

"राहतं. पण इंजेक्शन अंगातून उतरायला वेळ लागतो. शेवटच्या डोसापासून सात ते दहा महिने धरून चाला. गोळीचं तसं नाही. गोळी सोडली की पंधरा दिवसांतही दिवस राहू शकतात, पाळी यायच्या आधीच."

सूनबाई म्हणाली, "माझ्या बहिणीनं गोळी सोडून दोन महिने झाले, पाळी नाही."

"आधी लघवीची तपासणी कर म्हणावं. त्यात दिवस गेलेले नाही निघाले तर तीन महिन्यांपर्यंत वाट बघायची. पुढं डॉक्टरकडे. लग्नाआधी तिची पाळी वेळेवर असायची?"

"कधीच नाही."

"मग गोळीवर कशाला खापर? गोळीनं चार वर्षं झाकून ठेवलं होतं, आता झाकण निघालं."

भावोजींचं निरांजन परत विझलं. त्यांनी काडेपेटी झटकली आणि आमच्याकडे न बघता आत गेले. आम्ही काय बोलतोय हे त्यांना ऐकू येत नाही असं दाखवायची कला त्यांनी गेली तीस वर्षं कमावलेली आहे.

"ही हार्मोनं म्हणजे पण ना," वहिनी म्हणाल्या, "देवानं दिलेल्या अंगाशी खेळ."

मावशी हसल्या. "आणि तू गौरीला दरवर्षी घेतेस ती काय तीर्थाची गोळी?"

हे खरं होतं. आमच्या भागात भाद्रपद लागला की औषधाच्या दुकानात दोन गोष्टींचा खप वाढतो, खोकल्याच्या औषधाचा आणि पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांचा. दुकानदार चिठ्ठी मागत नाही, बाई नाव सांगत नाही. "त्या गोळ्या" एवढ्यानं काम होतं. नॉरएथिस्टेरॉन हे तिचं नाव. हे औषध मेक्सिकोत १९५१ मध्ये तयार झालं, तिकडच्या एका रानकंदापासून. आपल्या करांद्याचा आणि कोनफळाचा तो भाऊबंद. कुटुंब नियोजनाच्या गोळीतल्या औषधांचं हे अगदी सख्ख्या घरातलं. तरी गौरीच्या नैवेद्यासाठी घेतलेली गोळी सोवळ्यातली आणि सुनेनं मुलांत अंतर ठेवायला घेतलेलं इंजेक्शन म्हणजे अंगाशी खेळ.

"तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीन," मावशी सांगत होत्या, "थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. आणि गंमत माहीत आहे का, ही गोळी अशी घेतली तर मूल राहायचं थांबत नाही. पण बायांना वाटायचं थांबतं. गणपतीत नवरे मुंबईहून यायचे, बाया गोळ्या खाऊन गौर पुजायच्या नि ज्येष्ठात माझ्याकडे बाळंत व्हायला यायच्या. ज्यांचा रक्तदाब जास्त, ज्यांच्या पायात कधी रक्ताची गाठ झालेली, त्यांनी तर विचारल्याशिवाय हातही लावू नये."

वहिनी काही बोलल्या नाहीत. पडवळाचा दगड परत त्यांच्या हातात आला होता.

"मावशी," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "माझी एक मावसबहीण आहे देवरुखला. पन्नाशीला आली. तिचं तर गाठी गाठी पडतात म्हणे. कोपऱ्यावरच्या काकू म्हणतात, पिशवीच काढून टाकायची. कटकट मिटते."

पिशवी काढा, कटकट मिटते. हे वाक्य आपल्याकडे बायका बायकांना किती सहज सांगतात! २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं उघड झालं, तेव्हा सरकारनं समिती नेमली. तिनं तपासलेल्यांपैकी तेरा हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यांनाही कोणीतरी कटकट मिटते असंच सांगितलं असणार. शिवाय पाळीचे खाडे पडले तर मुकादम पैसे कापणार, हा हिशेब होताच. काकू काही मुकादम नव्हेत. पण वाक्य तेच.

मावशींनी वहिनींकडे नीट पाहिलं. मग तुळशीकडे पाहिलं. भावोजी आता पणती घेऊन आले होते आणि ती वृंदावनाच्या आडोशाला ठेवत होते.

"सूनबाई बाजूला आहे," मावशी म्हणाल्या. "मग तुळशीला दिवा हे का लावतायत?"

कुणी काही बोललं नाही. बाळ मात्र आजीकडे झेपावत होतं.

"तुला मावसबहीण नाही देवरुखला," मावशी म्हणाल्या. "तुझ्या लग्नात मी होते. किती दिवस झाले?"

"गौरी गेल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी सुरू झालं." वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते अंधारात दिसलं नाही. "पंधरा झाले. यंदा गोळ्या जरा जास्त घेतल्या. तारीखच कळत नाही हल्ली, म्हणून श्रावण संपतानाच सुरू केल्या. ही बाजूला, मीही बसले तर स्वयंपाक कोण करणार? बाळाचं कोण बघणार? म्हणून बोलले नाही. चूल चालवली. पण तुळशीला हात कसा लावू?"

सूनबाई पायऱ्या उतरून खाली आली. "आई, मला सांगायचं होतंत."

"तू सांगितलंस मला इंजेक्शनाचं?"

यावर सूनबाईकडे उत्तर नव्हतं. तिनं बाळ सासूच्या कडेवर दिलं. वहिनी क्षणभर मागं सरकल्या, मग घेतलं.

मावशी आता उपकेंद्रातल्या झाल्या होत्या. "गोळी थांबल्यावर येतं ते जरा जास्त जातं, कबूल. पण आठवडाभरात आटपायला हवं. तुला अठ्ठेचाळीस झालीत. या वयात पंधरा दिवस, तेही गाठी, म्हणजे गोळीवर ढकलून गप्प बसायचं नाही. उद्या तालुक्याला. रक्त, सोनोग्राफी, लागलं तर पिशवीच्या थराचा तुकडा तपासतात. बहुतेक काही निघत नाही, पण बघितल्याशिवाय कोणी सांगायचं? आणि लगेच कापाकापी नसते. औषधं आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे, तिनं रक्त कमी होतं, वर्षानुवर्षं चालते. तीसुद्धा याच घराण्यातली, तुझ्या त्या अंगाशी खेळातली. तासाला एक पॅड भिजायला लागलं, चक्कर आली, तर उद्याचीही वाट बघायची नाही, रात्री हाक मार."

"घट बसेपर्यंत थांबलं नाही तर?" वहिनी म्हणाल्या. "मी नवरात्रासाठी पण एक पाकीट आणून ठेवलंय."

"कुठं आहे?"

"पोह्यांच्या डब्यात."

"घेऊन ये."

वहिनी आत गेल्या आणि आल्या. मावशींनी पाकीट हळदीच्या पानांत गुंडाळून कमरेला खोचलं. सूनबाई म्हणाली, सकाळची साडेसातची एसटी मिळेल, मीही येते, माझंही कार्ड दाखवीन. वहिनी म्हणाल्या, यांना काय सांगायचं?

तुळशीपाशी भावोजी वाकले होते. पणती या खेपेला लागली होती. त्यांनी दोन्ही हातांनी आडोसा धरला होता आणि तिकडेच बघत, पण आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "साडेसातची उशिरा येते. सव्वासहाची बघा."